पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं

आमच्या मजल्यावर रविवारी सकाळी एक वास येतो. जेष्ठमध, ओली माती आणि मागे कुठेतरी बंद कपाटाचा वास, असं काहीतरी मिक्स. सिंगापूरला राहायला आलो तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं की शेजारी कुणीतरी कायमच सर्दी-खोकल्याने आजारी असतं आणि काढा उकळत असतो. नंतर कळलं की तो काढा शेजारच्या मुलाचा आहे, मुलगा आठ वर्षांचा, माझ्या मुलाच्याच वर्गातला, आणि त्याला सर्दीबिर्दी काही नाही. त्याला जे आहे तेच माझ्या मुलाला आहे, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही. दोघांचं निदान एकाच वर्षात झालं, आमच्याकडे गोळी सुरू झाली आणि त्यांच्याकडे मातीचं भांडं गॅसवर चढलं. त्याची आजी, ज्यांना तो अह-मा म्हणतो, ती दोन तास समोर बसून ते उकळते, तीन वाट्यांची एक वाटी करते, मग तो नाक दाबून एका दमात पितो आणि लगेच त्याच्या हातात आंबटगोड लाल चकत्या ठेवल्या जातात, नाण्यांच्या गठ्ठ्यासारख्या कागदात गुंडाळलेल्या असतात त्या. आमच्याकडे कडू औषधानंतर साखरेचा चिमटा, तसंच.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण त्याच्या आईने विचारलेला एक प्रश्न. आम्ही दोघी लिफ्टपाशी उभ्या होतो, माझ्या हातात केमिस्टची पिशवी होती, तिने त्यातला गोळ्यांच्या डब्यातला तो घडी घातलेला कागद काढून उलगडला, उलगडला म्हणजे तो उलगडतच गेला, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरात, भूक कमी होणं, झोप न लागणं, डोकं दुखणं, नाडी वाढणं, उंची-वजनावर लक्ष ठेवा वगैरे वगैरे. ती म्हणाली, "तुझ्या औषधावर एवढं वाईट लिहिलंय, माझ्या पुडीवर काहीच लिहिलेलं नाही. मग तूच सांग, पोराला काय द्यावं?"

मी त्या दिवशी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो मूर्खपणाचा प्रश्न नाहीये. आणि तो फक्त तिचाही नाहीये, माझ्या साताऱ्याच्या सासूबाईही फोनवर हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, "अगं ब्राह्मी दे, वेखंड दे, एवढ्याशा लेकराला कसल्या मेंदूच्या गोळ्या घालताय."

आधी एक कबूल करते. चिनी वैद्याकडे मी त्या शेजारणीबरोबर एकदा गेले आहे आणि मला ते आवडलं. म्हाताऱ्या वैद्याने पोराची जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली, रात्री घाम येतो का, स्वप्नात ओरडतो का, शी कशी होते, थंड पाणी मागतो का गरम, सगळं विचारलं. अर्धा तास. मग सांगितलं की किडनीचं यिन कमी पडतंय म्हणून लिव्हरचं यांग वर उसळतंय, म्हणून पोरगं एका जागी बसत नाही. यातली किडनी म्हणजे आपली सोनोग्राफीत दिसते ती किडनी नव्हे, लिव्हरही नव्हे, ते त्यांच्या शास्त्रातले शब्द, जसं आपल्याकडे "वात वाढलाय" म्हटल्यावर कुणी वात कुठे आहे ते एक्स-रेत शोधत नाही. पण त्या वाक्याने काय झालं माहितीये का, ती आई खुर्चीत जरा सैल बसली. कारण शाळेतून, नातेवाइकांकडून, बसमधल्या अनोळखी बायकांकडून तिने वर्षभर एकच ऐकलं होतं की तुम्ही मुलाला वळण लावलं नाही. इथे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की दोष तुझा नाही, त्याच्या आतलं पाणी कमी आहे आणि आग जास्त आहे. आम्हाला आमच्या पहिल्या अपॉइंटमेंटला मिळाली होती बारा मिनिटं, आणि शाळेने भरायचा एक फॉर्म. त्यामुळे जे लोक म्हणतात की आईबाप अडाणी असतात म्हणून जडीबुटीकडे जातात, त्यांनी एकदा दोन्हीकडच्या खुर्च्यांत बसून बघावं.

तर मग पुढची गोष्ट दुकानातली. चिट्ठी घेऊन आम्ही खालच्या औषधी दुकानात गेलो, भिंतभर लाकडी ड्रॉवर, माणूस एकेक ओढतो, बारक्या ताजव्यात तोलतो आणि गुलाबी कागदावर ढीग लावतो. त्यातल्या एका मुळीचे काप त्याने तोडले आणि मला थेट आमच्या साताऱ्याच्या घराचा वास आला, माझ्या आजेसासूबाईंच्या गुटीच्या डब्याचा. वेखंड! मी विचारलं, तो म्हणाला शी चांग पू. घरी येऊन शोधलं, तर खरंच वेखंडाची सख्खी बहीण आहे ती, तीच जात, अॅकोरस. आणि ती ज्या नुस्ख्यातली आहे त्याची गोष्ट तर भारीच आहे. सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचा मोठा वैद्य होऊन गेला, त्याच्या नावावर एक औषध आहे, त्याचं नाव साधारण "कन्फ्यूशियसच्या उशीतली गोळी" असं होतं, वाचलेलं लक्षात राहत नाही अशांसाठी. चार गोष्टी त्यात: कासवाचं कवच, ड्रॅगनची हाडं, युआन झी नावाची मुळी आणि हे वेखंड. ड्रॅगनची हाडं म्हणजे प्रत्यक्षात जुन्या प्राण्यांची जीवाश्म हाडं. (चीनची सगळ्यात जुनी लिपी ज्या हाडांवर कोरलेली आहे तीही ड्रॅगनची हाडं म्हणून औषधी दुकानांत विकली जात होती, 1899 च्या सुमारास अभ्यासकांचं लक्ष गेलं तोवर किती इतिहास लोकांनी काढा करून प्यायला असेल कोण जाणे.) आजही चीनमध्ये चंचल, अभ्यासात लक्ष नसणाऱ्या मुलांना जी सिरप आणि काढे दिले जातात त्यात याच चौकडीतले घटक वरचेवर दिसतात. दुसरं नेहमीचं नाव म्हणजे लिउ वेई दी हुआंग, सहा घटकांची गोळी, ती चिएन यी या सोंग काळातल्या बालवैद्याची, त्याचं मुलांच्या आजारांवरचं पुस्तक 1119 चं. म्हणजे त्यांच्याकडे बालरोगांचं स्वतंत्र पुस्तक नऊशे वर्षांपूर्वीचं आहे, हे कौतुकाचंच आहे, त्यात वादच नाही.

पण जुनं आहे म्हणजे तपासलेलं आहे का? इथे माझं गाडं अडतं. वेखंडच घ्या. वेखंडात बीटा-असारोन नावाचं एक द्रव्य असतं, त्याने उंदरांमध्ये कॅन्सर होतो असं दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड आणि त्याचं तेल वापरायला बंदी घातली. आता लगेच कुणी गुटीचा डबा फेकायला जाऊ नका, सहाणेवर दोन वेढे दिलेलं वेखंड आणि उंदरांना घातलेला डोस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तो फरक नेमका किती, तीस किलोच्या मुलाला रोज काही ग्रॅम मुळी उकळून सहा महिने दिली तर कुठे जाऊन पोचतो, हे कुणी मोजलंय? आजीने दोन वेढे दिले, ते बाळ वर्षाचं झालं की गुटी बंद. वर्षानुवर्षं रोज घ्यायचं औषध ही आजीच्या अनुभवातली गोष्टच नाही. परंपरेकडे लगेच दिसणाऱ्या त्रासाचा अनुभव असतो, उलटी झाली, जुलाब झाले, अंगावर पुरळ आलं. दहा वर्षांनी किडनी गेली तर ती काढ्यामुळे गेली हे कुठल्या आजीला कळणार?

आणि असं झालेलं आहे. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये जाणाऱ्या शंभरेक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, कारण एका चिनी मुळीच्या जागी तशाच नावाची दुसरी मुळी पुडीत गेली होती, जिच्यात अॅरिस्टोलोकिक अॅसिड असतं. ही सगळी कुळी चीनमध्ये शतकानुशतकं वापरात होती, "लिव्हरची आग" विझवणाऱ्या एका प्रसिद्ध गोळीत तिचीच एक बहीण घातलेली असायची आणि ती घालायची परवानगी चीनने 2003 मध्ये काढून घेतली. शतकानुशतकं वापरलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, लक्षात येणं शक्यच नव्हतं हो, त्यासाठी हिशोब ठेवावा लागतो. लहान बाळांच्या एका चिनी चूर्णाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, 2014 मध्ये इशारा दिला, त्यात शिसं सापडलं होतं. शिसं! ज्याने मुलांचं लक्ष आणि वागणूक बिघडते हे जगजाहीर आहे तेच बाळाच्या पोटात, बाळ शांत व्हावं म्हणून.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही बाई गोळीवाली आहे आणि हिला चिनी औषधांवर तोंडसुख घ्यायचंय. थांबा जरा. माझ्या मुलाच्या गोळीचं कूळ शोधत गेलं की ते कुठे जातं माहितीये? चीनमध्येच.

मा-हुआंग नावाची झुडपासारखी वनस्पती आहे, चिनी वैद्य दमा-सर्दीसाठी दोन हजार वर्षं वापरतायत. 1885 मध्ये नागाई या जपानी शास्त्रज्ञाने तिच्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. 1920 च्या दशकात चेन नावाच्या चिनी संशोधकाने पेकिंगमध्ये श्मिट या सहकाऱ्याबरोबर त्याचा नीट अभ्यास केला आणि ते जगभर दम्याचं औषध झालं, इतकं की झाडं पुरेनात. मग लॉस एंजेलिसमध्ये गॉर्डन अॅलिस एफेड्रिनला स्वस्त पर्याय शोधत बसला आणि त्यातून अॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य औषध म्हणून पुढे आलं. आणि 1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने ते मुलांना दिलं, तेही वेगळ्याच कारणासाठी, मेंदूची तपासणी केल्यावर पोरांचं डोकं दुखायचं म्हणून. डोकं दुखायचं थांबलं की नाही ते राहू दे, पण शाळेतले शिक्षक सांगायला लागले की पोरं गणितं सोडवायला बसलीत. मुलंच त्याला गणिताची गोळी म्हणायला लागली. मिथाइलफेनिडेट, जी माझा मुलगा घेतो, ती त्याच भावकीतली, 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिअँड्रो पॅनिझॉनने बनवली आणि रिटालिन हे नाव बायकोच्या रिटा या नावावरून ठेवलं.

म्हणजे शेजारचा काढा आणि माझी गोळी, दोन्हींची मुळं त्याच मातीत आहेत. फरक एवढाच की एक मुळी मोजली गेली, उलटसुलट तपासली गेली, तिच्यात काय चांगलं काय वाईट ते लिहून काढलं गेलं, आणि दुसरी तशीच गुलाबी कागदात राहिली. गंमत म्हणजे मा-हुआंगच्याच "नैसर्गिक" गोळ्या वजन कमी करायला म्हणून अमेरिकेत धडाधड विकल्या जात होत्या, माणसं दगावली आणि 2004 मध्ये त्यांच्यावर बंदी आली. तेव्हा नॅचरल-केमिकल ही भांडणाची रेघच चुकीच्या जागी ओढलीये. मलेरियाचं औषध शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू बाईंना 2015 चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडेही व्हॉट्सअॅपवर "बघा, परंपरेचा विजय" सुरू झालं होतं. चौथ्या शतकातल्या पुस्तकातली एक ओळ त्यांच्या कामी आली हे खरंच, छिंगहाव नावाची वनस्पती मूठभर पाण्यात भिजवून पिळून रस घ्या अशी, त्यावरून त्यांना सुचलं की उकळल्याने गुण जात असेल. पण पुढे त्यांनी ते थंड पद्धतीने इथरमध्ये काढलं, उंदरांवर, माकडांवर बघितलं, मग स्वतः घेतलं, मग रोग्यांना दिलं. पुस्तकात आहे म्हणून बाटलीत भरून विकलं नाही.

मुलांच्या एडीएचडीवरच्या चिनी औषधांचं तेवढं झालंय का? थोडंफार. निंग डोंग नावाच्या दाणेदार औषधाची 72 मुलांवर 8 आठवडे मिथाइलफेनिडेटशी तुलना करून 2011 मध्ये छापलं गेलं, दोन्हींचा गुण सारखाच आणि चिनी औषधाचे त्रास कमी. ऐकायला किती छान. पण 72 म्हणजे दोन गटांत छत्तीस-छत्तीस, आणि खोटी पुडी दिलेला तिसरा गटच नाही. छत्तीस मुलांत "फरक दिसला नाही" म्हणजे "फरक नाही" असं नसतं, धुक्यात डोंगर दिसला नाही म्हणजे डोंगर नाही असं होत नाही तसं. शिवाय इथे मोजमाप म्हणजे आईबाप आणि शिक्षकांनी भरलेले फॉर्म, आणि आपण नवीन औषध सुरू केलं की आपल्यालाच पोरगं शहाणं दिसायला लागतं, मला स्वतःला पहिल्या आठवड्यात तो पाटावर बसून जेवला याचंही कौतुक वाटलं होतं. अॅक्युपंक्चरचं तर 2011 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने मुलांच्या एडीएचडीवरचे अभ्यास चाळले तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकही सापडला नाही. आणि 1998 चं एक संशोधन आहे ज्यात देशोदेशीच्या चाचण्या एकत्र मांडल्या होत्या, तर चीनमधून आलेल्या अॅक्युपंक्चरच्या चाचण्यांत नापास झालेली एकही नव्हती. एकही नाही! ज्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो तिथे आपण पोरांची हुशारी बघत नाही, परीक्षा कोण घेतंय ते बघतो.

यावर वैद्य लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की आमचं औषध प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार वेगळं, त्यामुळे तुमच्या पद्धतीची चाचणी आम्हाला लागूच होत नाही. हे उत्तर मला फार दिवस खरं वाटायचं. पण 1998 मध्येच ऑस्ट्रेलियात पोटाच्या तक्रारीवर, म्हणजे ज्याला आयबीएस म्हणतात त्यावर, चिनी औषधांची चाचणी झाली, 116 रोगी, वैद्याने प्रत्येकाला तपासून हवं ते लिहून दिलं, फक्त काहींना त्याचं स्वतःचं औषध, काहींना सगळ्यांना सारखं ठरवलेलं औषध आणि काहींना तसंच दिसणारं खोटं. चिनी औषधं खोट्याच्या पुढे गेली आणि प्रत्येकासाठी वेगळं बनवलेल्याचा गुण औषध थांबवल्यावरही टिकला. म्हणजे बघा, चाचणी करता येते, आणि केली तर कधीकधी वैद्यच जिंकतो. मग घाबरायचं कशाला?

घाबरायचं कारण सरकारं देतात. चीनचा पारंपरिक औषधांचा कायदा जुलै 2017 पासून लागू झाला, त्यात जुन्या ग्रंथांतल्या प्रसिद्ध नुस्ख्यांना माणसांवरच्या चाचण्यांशिवाय बाजारात यायची वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी अशा 100 नुस्ख्यांची पहिली यादीही आली. आपणही हसू नये. आपल्याकडे औषध नियमावलीत 158-बी म्हणून नियम आहे, ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला लायसन्ससाठी ग्रंथाचा आधार पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या यादीत चिनी निदानांचं प्रकरण घातलं आणि 2025 मध्ये आयुर्वेद, सिद्ध, युनानीचंही. यादीत नाव आलं म्हणजे मोजणी सुरू करता येते, इतकाच त्याचा अर्थ, पण बाजारात त्याचा अर्थ "डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त" असा छापला जातो हे आपण बघतोच. माझं म्हणणं साधं आहे, मोठ्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर काय प्यायचं ते त्याने ठरवावं, पण मुलाला रोज महिनोन् महिने द्यायचं औषध असेल तर ग्रंथ कितीही जुना असो, सूट नको. कारण ज्याला ते प्यायचंय त्याला कुणी विचारलेलं नाही, तो फक्त नाक दाबतो.

गोळीवाल्यांनाही मी सोडणार नाही. अमेरिकेत 579 मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, 1999 मध्ये पहिला निकाल आला, 14 महिन्यांत नीट दिलेलं औषध इतरांच्या पुढे होतं. तीन वर्षांनी बघितलं तर गटागटांतला फरक पुसला गेला होता. म्हणजे गोळी आज काम करते, उद्याचं आयुष्य घडवते की नाही ते ती सांगत नाही. माझ्या घरचं सांगते, डबा दुपारी जसाच्या तसा परत येतो, भेंडीची भाजी हातही न लावलेली, आणि रात्री नऊला औषध उतरलं की तो दोन ताटं वरणभात खातो. दर तीन महिन्यांनी उंची-वजन. भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, मागच्या वर्षी दोन रेघांतलं अंतर कमी आलं तेव्हा मी आठवडाभर नीट झोपले नाही. पण हे बघायचं असतं हे मला कळलं कशावरून? त्याच मुंगीएवढ्या अक्षरांच्या कागदावरून. ते वाईट कुणीतरी शोधलं, कंपनीला ते लिहायला लावलं, आणि त्यामुळे मला पेन्सिल कुठे धरायची ते ठाऊक आहे. शेजारच्या अह-माकडे धरायला काहीच नाही.

मग मी शेजारणीला काय सांगितलं? काढा बंद कर असं नाही सांगितलं, मी कोण सांगणारी, आणि त्या अर्ध्या तासाच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एवढंच म्हटलं की पुडीवर काही लिहिलेलं नाही म्हणजे काही होत नाही असं नसतं, कुणी बघितलं नाही एवढंच कळतं त्यातून. घटकांची यादी वैद्याकडून लिहून घे, मुलाच्या डॉक्टरला दाखव, आणि वर्षातून दोनदा किडनी-लिव्हरची रक्ततपासणी करून घे. तिने डॉक्टरला काढ्याबद्दल तोवर सांगितलंच नव्हतं, ओरडतील म्हणून. हा दोष तिचा आहे का डॉक्टरांचा? मला वाटतं जास्त डॉक्टरांचा. ज्या दवाखान्यात आई खरं बोलायला घाबरते तिथे गोळी आणि काढा दोन्ही एकाच पोटात जाऊन काय करतात ते कुणाला कळणार नाही.

तिने यादी आणली. चौदा नावं. डॉक्टरने ओरडा केला नाही, फोटो काढून ठेवला आणि रक्ततपासणी लिहून दिली, रिपोर्ट ठीक आला. काढा अजून चालू आहे, रविवारचा वासही.

सासूबाईंनी मात्र मी ऐकत नाही म्हटल्यावर एका येणाऱ्या नातेवाइकाबरोबर वेखंडाचा पाव किलो पुडा पाठवूनच दिला. टाकवत नाही. तो मी मुलाच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलाय, कसर लागत नाही.